भाभीचा नागपत्ता

भाभी, आज पहिल्यांदा तुला ‘तू’ म्हणून राहिले. तू होतीस तोवर मला ते जमलं नाही. “आमच्या उधर जवळच्या मानसाले तू म्हनतात, बहिनी. ‘तुम्ही’ तर पटवाऱ्याले म्हनतात,” असं तू कितीदा सांगितलंस. मी “बरं” म्हणायची आणि पुढच्याच वाक्यात “तुम्ही चहा घेता का?” असं विचारायची. तू कपाळाला हात लावायचीस. काल तुझी तेरवी झाली. आज शाळेला सुट्टी आहे, म्हणून अंगणात तुझ्या डब्यांजवळ बसून हे लिहायला घेतलं. कोणाला दाखवायचं नाही. दुपारी तुझ्याशी बोलायची सवय जडली होती, ती एकदम कुठं ठेवू?

‘बहिनी’ हे नावही तुझंच. तू आलीस त्या दिवशी घरमालकीण मला “या वहिनी” म्हणाली आणि तू ऐकलंस ‘बहिनी’. तेव्हापासून मी तुझी बहीण. पुढं मी तुला सांगितलं की वहिनी म्हणजे भावाची बायको, भाभी, तुला मी जे म्हणते तेच. तू थोडा विचार केलास आणि म्हणालीस, “नहीं, बहिनी ही रहने दो. ज्यादा अच्छा है.”

तुमची बैलगाडी सौंसरच्या स्टेशनावरून आली तो दिवस मला स्पष्ट आठवतो, कारण तेव्हा मी फार रागात होते. नवीन राज्य नुकतंच झालं होतं. नागपूर तिकडं मराठी मुलखाबरोबर गेलं, सौंसर-पांढुर्णा इकडं हिंदी राज्यात राहिलं. माझं माहेर काटोलचं. ते होतं तिथंच होतं आणि होतं तेवढंच दूर होतं, पण माझा भाऊ एका रात्रीत परराज्यातला झाला. मला तिकडं जायचं होतं. यांना म्हटलं, अर्ज करा, ओळख काढा, काटोलला नाही तर सावनेरला जागा पाहा. हे इथल्या शाळेत मास्तर. म्हणाले, “शाळा इथं, पोरं इथली. मी कुठं जाऊ?” आमच्या घरात ते बोलणं तिथंच संपलं. माझा राग मात्र संपला नाही. त्याला बसायला जागा हवी होती, आणि नेमकी तू शेजारच्या दोन खोल्यांत राहायला आलीस.

छिंदवाड्याहून छोट्या रेल्वेगाडीनं आलेलं तुमचं सामान ते किती. दोन पेट्या, एक वळकटी, आणि तुझ्या मांडीवर घासलेटचा अर्धा कापलेला डबा. डब्यात तलवारीच्या पात्यासारखी ताठ पानं उभी होती. हिरवी, त्यावर गडद पट्टे, कडेला पिवळी किनार. तुझ्या यजमानांनी, बाबूजींनी, पेट्या उतरवल्या. तू आधी डबा उतरवलास आणि आपल्या दोघींच्या सामाईक अंगणात, बरोबर मधोमध ठेवलास.

“हे काय व आनलं?” मी म्हटलं. “साप उभा केल्यासारखा दिसून राहिला.”

तुला त्यातला ‘साप’ तेवढा कळला. हसून म्हणालीस, “हाँ, नागपत्ता. काटता नहीं.”

मी पायानं डबा तुझ्या बाजूला सरकवला. तू पाहिलंस आणि वळकटी उचलून आत गेलीस.

कितीतरी दिवस आपण एकाच विहिरीवर पाणी भरलं आणि एकमेकींशी बोललो नाही. म्हणजे तू बोलायचीस, मी उत्तर देत नव्हते. शेवटी एका सकाळी मी तोंड उघडलं ते भांडायला. तुमच्या लोकांमुळे आमच्या पोरांना आता सगळं हिंदीत शिकावं लागेल, तुम्ही आलात कशाला, असं बरंच बोलले. मराठीतच बोलले. तुला किती समजलं कोण जाणे. तू बादली खाली ठेवलीस.

“मुझसे किसने पूछा था, बहिनी?” तू म्हणालीस. “बाबूजी का तबादला हो गया, मैं आ गई. उधर नरसिंहपुर में मेरी माँ अकेली है. मुझे मालूम भी नहीं था कि सौंसर किधर है.”

आवाज चढवला नव्हतास. बादली उचलून निघून गेलीस. मी विहिरीच्या काठावर तशीच उभी राहिले. तोवर मला वाटत होतं, न विचारता जे झालं ते एकट्या माझ्याच बाबतीत. त्या दिवशी चहा केला तेव्हा एक कप जास्त केला.

मग आपल्या दोघींच्या दुपारी सुरू झाल्या. मी तुळशीला, मोगऱ्याला, जास्वंदीला सकाळ-संध्याकाळ पाणी घालायची. मोगऱ्याला शेणखत, तुळशीला मांडव, उन्हाळ्यात सगळ्यांवर जुन्या लुगड्याची सावली. तू पायरीवर बसून ओल्या फडक्यानं नागपत्त्याच्या एकेका पानावरची धूळ पुसायचीस, बस.

“पानी कधी टाकता?”

“जब याद आए. ना आए तो और अच्छा.”

मला ते झाडच वाटायचं नाही. फूल नाही, वास नाही, देवाला वाहता येत नाही, भाजीत घालता येत नाही. मी तसं म्हणायची आणि तू चिडायचीस. “ये बेचारा कुछ माँगता नहीं, इसलिए तुमको झाड़ नहीं लगता.” मग मी तुझ्या भाषेवर घसरायची. तुझा ‘तो नागपत्ता’, माझं ‘ते झाड’. तू मराठी बोलायला लागलीस तरी तुला ‘ते’ काही पटलं नाही. “हे ‘ते’ कोन आहे, बहिनी? ना मर्द, ना औरत. तुमच्या मराठीत एक जन फालतू आहे.” हा वाद आपला मिटला नाही, आणि आता मिटणारही नाही.

पहिल्या पावसाळ्यात तू महिना-दीड महिना आईजवळ राहायला माहेरी गेलीस. बाबूजींना सांगून गेलीस की डब्याकडं पाहू नका, तो आपला आपण राहील. पण बाबूजींना करमत नव्हतं. रोज आंघोळ झाली की उरलेला तांब्या ते मोठ्या मायेनं नागपत्त्याला घालायचे. डब्यात आपली इकडची काळी माती, वरून पाऊस, खाली भोक नाही. मी पाहत होते. माझं काय जातं, असं म्हणत होते. एके दिवशी एक पान आपोआप आडवं झालं. मग दुसरं. बुडाशी हात लावला तर भिजलेल्या भाकरीसारखं मऊ, आणि वास सडका.

बाबूजी माझ्याकडं पाहत उभे राहिले. हात पुसत म्हणाले, “मैं तो पानी बराबर दे रहा था.”

“तेच झालं,” मी म्हटलं.

मी शेतकऱ्याची पोर. हळदीच्या, अद्रकाच्या गाठी लहानपणापासून पाहिलेल्या. गाठीनं वाढणारं सगळं एकाच दुखण्यानं मरतं, हे मला ठाऊक होतं. डबा उलटा केला. माती झटकली. खाली जाड पिवळसर गाठ होती, अर्धी काळी पडलेली. विळीनं काळं कापून टाकलं, चांगलं निघालं ते दोन बोटांएवढं. कापल्या जागी चुलीची राख लावली आणि ते ओसरीत सावलीला वाळत ठेवलं. जी पानं वरून धड होती त्यांचे विताएवढे तुकडे केले, तेही वाळवले. डब्याला खिळ्यानं भोकं पाडली, तळाला विटांचे तुकडे, मग कन्हान नदीची वाळू आणि थोडी माती. जखमा वाळल्यावर गाठ एका डब्यात लावली, पानांचे तुकडे दुसऱ्यात. आणि पाणी घातलं नाही. भाभी, सगळ्यात अवघड तेवढंच होतं. रोज हात तांब्याकडं जायचा.

तू आलीस तेव्हा दोन डब्यांत कापलेली बुडखी तेवढी होती. तू ती पाहिलीस, मग बाबूजींकडं पाहिलंस, मग माझ्या हाताकडं. “तुमने किया?” मी मान हलवली. तू माझा हात धरलास आणि बराच वेळ सोडला नाहीस. तेव्हा तू सांगितलंस की हा नागपत्ता तुझ्या आईच्या दारातला. निघताना तिनं मुळासकट काढून दिला होता. ती म्हणाली होती, तुझा संसार फिरता, तुला सारखं पाणी मागणारं झाड परवडायचं नाही.

गाठीतून थंडीत कोंब आला, पिवळ्या किनारीचा, आईसारखा. पानांच्या तुकड्यांना पुढच्या उन्हाळ्यात कोंब फुटले, पण सगळे नुसते हिरवे. किनार कुठंच नाही. मला वाटलं माझंच काही चुकलं. तू खो-खो हसलीस. “पत्ते से लगाओ तो किनार चली जाती है, बहिनी. गाँठ से लगाओ तो रहती है.” मला त्यात मोठा अर्थ दिसला. मी बोलू लागले, की पाहा, माणसाचंही तसंच, मुळासकट नेलं तर... तू मला थांबवलंस. म्हणालीस, “मास्टरनी मत बनो. झाड़ को झाड़ रहने दो.” आणि हिरव्या कोंबांनाही तितक्याच प्रेमानं पुसायला लागलीस.

गंमत अशी की पुढं मला खरंच मास्तरीण व्हावं लागलं.

यांना मुदतीचा ताप आला. माणूस वाचला, पण ताप उतरला तेव्हा कान गेले होते. वर्गात पोरं काय बोलतात ते मास्तरांना ऐकू येईना. काही महिने सांभाळून घेतलं, मग शाळेची नोकरी सुटली. बोरगावच्या शेतीतून दिराकडून येणारी जवारी आणि थोडा कापूस, त्यावर घर चालेना. हे दिवसभर खाटेवर बसून भिंतीकडं पाहायचे. तेव्हा मुलींच्या शाळेत बाई हवी असं कळलं. मी काटोलला सातवी पास झालेली. भेटायला गेले तर तिथले साहेब म्हणाले, “मराठी ठीक आहे. हिंदीची परीक्षा द्यावी लागेल.”

घरी आले आणि पायरीवर बसून रडले. ज्या भाषेचा शब्द जिभेवर येऊ देणार नाही म्हणून मी जगभर सांगत फिरले होते, तिच्याशिवाय आता चूल पेटणार नव्हती. तू आतून आलीस. काय झालं ते ऐकलंस. तुझ्या तोंडावर एक रेषसुद्धा हलली नाही. “आता कसं?” असं तू म्हणू शकली असतीस. मी तुझ्या जागी असते तर नक्की म्हटलं असतं. तू फक्त विचारलंस, “परीक्षा कब है?”

आपल्याकडं पुस्तक नव्हतं. तू किराण्याच्या पुड्या सोडवायचीस, वर्तमानपत्राचे तेलकट तुकडे सरळ करायचीस आणि मला वाचायला लावायचीस. हळदीच्या पुडीवर कुठल्या मंत्र्याचं भाषण, गुळाच्या पुडीवर गाय हरवल्याची जाहिरात. अर्धं वाक्य संपलं की कागद फाटलेला. उरलेलं तू मला मनानं पुरं करायला लावायचीस. त्या हरवलेल्या गाईला मी किती गावं हिंडवलं. हात रिकामे नकोत म्हणून आपण डबे घेऊन बसायचो. तू गाठी वेगळ्या करायचीस, मी भोकं पाडायची, आणि तू विचारायचीस, “पौधा सूखता है कि सूखती है? मिट्टी गीला है कि गीली?” मी चुकले की मातीचा हात माझ्या गालाला लावायचीस. परीक्षेच्या दिवसापर्यंत अंगणाच्या भिंतीला डब्यांची रांग लागली होती.

मी पास झाले. फार बरे मार्क नव्हते. पहिल्या दिवशी शाळेत जाताना तू माझ्या निऱ्या नीट केल्यास आणि म्हणालीस, “जाय. पोरी वाट पाहून राहिल्या असतील.” मराठीत म्हणालीस. मी रस्ताभर तेच वाक्य घोळवत गेले.

नोकरी लागल्यावर माझी बाग गेली. आधी मोगरा वाळला, मग जास्वंद. तुळस यांनी जगवली. राहिला तो तुझा नागपत्ता. सकाळी सहाला निघावं, दुपारी दमून यावं, रविवारी धुणं, आणि भिंतीशी तो तसाच ताठ. तेव्हा मला तुझ्या आईचं म्हणणं पटलं. मी दोन डबे शाळेच्या व्हरांड्यात नेले. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा बंद, पाणी द्यायला कोणी नाही. जूनमध्ये कुलूप उघडलं तर धुळीनं पांढरे झालेले, पण जिवंत. मुलींनी पाट्या पुसायच्या फडक्यांनी पानं पुसली. आता लोधीखेड्याहून शिकायला आलेली मुलगीसुद्धा सुट्टीत घरी जाताना एक गाठ मागून नेते. मी सांगते, वाळू जास्त, पाणी कमी, भोक विसरू नको.

आणि ते फूल. तुला ते सगळं ठाऊकच आहे, तरी लिहिते. चैत्रातली संध्याकाळ होती. अंगणात गोडसर वास सुटला होता. मला वाटलं कोणाकडं लग्न आहे आणि अत्तर सांडलं. मी तुला विचारलं, “वास कायचा येऊन राहिला?” तू माझं मनगट धरून मला भिंतीशी नेलंस. सगळ्यात जुन्या, पानांनी गच्च भरून फुगलेल्या डब्यातून एक दांडी वर आली होती आणि तिला बारीक पांढरट फुलं लागली होती. दांडीवर मधासारखे थेंब होते. इतकी वर्षं मी ‘फूल नाही, वास नाही’ म्हणत आले होते. मी तुझ्याकडं पाहिलं. तू त्या वादातलं अक्षरही काढलं नाहीस. बोटावर एक थेंब घेतलास, मला चाखवलास आणि भाकरी टाकायला आत गेलीस. जिंकल्यावर असं वागावं हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

भाभी, तुला कावीळ झाली तेव्हा कोणालाच एवढं वाटलं नाही. झाडपाला झाला, डॉक्टर झाला, बाबूजी जामसांवळीला मारुतीला जाऊन आले. तुझे डोळे पिवळे झाले तेव्हा तूच थट्टा केलीस, “पाह्य बहिनी, मले बी किनार आली.” मी हसले नाही, ते तुला आवडलं नाही. त्या शेवटच्या सकाळी मी रजा टाकते म्हटलं. तू डोळे न उघडता म्हणालीस, “काऊन? मी कुठं पळून राहिली का?” मी शाळेत गेले. बेरजेचा तास चालू असताना हे दारात येऊन उभे राहिले. ऐकू न येणारा माणूस, धावत आलेला. मला विचारावं लागलं नाही.

तुझे आभार मानणारं मी कधी काही म्हटलं नाही. आपल्याकडं घरच्या माणसाला तसं म्हणत नाहीत, हे खरं. पण म्हणायला हवं होतं असंही वाटतं. आमच्या घरात चूल पेटते ती तुझ्यामुळे. हे आता उठतात, स्वयंपाक करतात, मुलींच्या वह्या तपासून देतात, तेही तुझ्यामुळे. मी दुपारी यायच्या आत तू पाटीवर लिहून यांना कामं सांगायचीस, हे मला फार उशिरा कळलं. “मास्टरजी, कद्दू काट दीजिए.” एवढा मोठा मास्तर निमूट कोहळं कापायचा.

आता कालचं सांगते. ते तुला ठाऊक नाही.

तेरवीचे लोक गेले. बाबूजींनी नरसिंहपूरला बदली मागून घेतली आहे, रविवारी निघतील. मी त्यांच्यासाठी एक डबा काढून ठेवला होता, किनारीचा, गाठीपासून केलेला. त्यांना म्हटलं, “महीने में दो बार पानी. ठंड में एक बार. बारिश में बिल्कुल नहीं.” त्यांनी शाळकरी पोरासारखी मान हलवली. मग डबा मांडीवर घेऊन पायरीवर बसले. हेही शेजारी येऊन बसले.

“मास्टरनी जी,” बाबूजी म्हणाले, “एक बात पूछूँ? वो आपसे दिन भर मराठी में बोलती थी. दफ्तर में सब मुझसे हिंदी बोलते हैं, मैं तो बाजार के भाव से आगे सीखा नहीं. मेरे सामने बैठकर आप दोनों हँसती थीं. मैं पूछता था क्या बोली, तो कहती थी, बैंगन महँगा हो गया.” त्यांनी पानावरून बोट फिरवलं. “क्या बोलती थी?”

मी त्यांच्यासमोर खाली बसले. मग म्हटलं, सांगते. आधी तू बोलायचीस तसंच, तुझ्या मोडक्या मराठीत, तुझ्या सुरात बोलले:

“बहिनी, बाबूजी रागावले ना, का त्यायचे कान लाल होतात. मले लय गोड दिसतात. मनून मी कधी कधी मुद्दाम भाजीत मीठ टाकत नाही.”

बाबूजी ऐकत राहिले. शब्द कळले नव्हते, पण सूर तुझा होता, तो त्यांनी ओळखला. हळूच म्हणाले, “मतलब?”

मी त्यांना ते हिंदीत सांगितलं, एकेक शब्द नीट लावून. कुठंही चुकले नाही, भाभी. बाबूजींनी मान खाली घातली. डब्यावर पाणी पडू नये म्हणून तो बाजूला सरकवला आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. त्यांचे कान लाल झाले होते.

“और?” ते म्हणाले. “और क्या बोलती थी?”

दिवेलागण होईपर्यंत मी सांगत होते.